पट सगळ्यांचा, नाव कुणाचं?

परभणीत फेब्रुवारी उजाडला की हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाची लगबग असते. पाळणे, मिठाई, बांगड्या, भांडी यांच्या ओळीत खेळण्यांचीही दुकानं लागतात आणि फुगे, शिट्ट्या, प्लास्टिकच्या बंदुका यांच्यामागे कुठेतरी ‘व्यापार’चे चपटे डबे रचलेले असतात. गिऱ्हाईक विचारतं, “व्यापार आहे का?” दुकानदार उलट विचारतो, “लहान देऊ का मोठा?” सौदा एवढ्यावरच होतो. डबा कुठल्या कंपनीचा, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आतला माल थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच: मधोमध घडी पडलेला पुठ्ठा, आठ दिवसांत चुरगळणाऱ्या रंगीत नोटा, फासे, शहरांची कार्डं, प्लास्टिकची इवली घरं. पुठ्ठ्याची कड उसवली की पुढच्या उरुसात नवा डबा, आणि तो बहुधा भलत्याच कंपनीचा.

हाच खेळ अमेरिकेत ‘मोनोपॉली’ या नावाने विकला जातो. तिथे त्या नावाला मालक आहे, ‘हॅसब्रो’ नावाची बलाढ्य कंपनी. शहराशहराच्या, सिनेमांच्या, मालिकांच्या नावाने ती त्याच पटाच्या नवनव्या आवृत्त्या काढत असते आणि त्या जमवणारे शौकीनही आहेत. नियम तेच, फासे तेच, चित्रं तेवढी बदललेली. अशा शौकिनांमध्ये गेली काही वर्षं एक वाद धुमसतो आहे. खेळ काढणाऱ्या कंपन्या आपल्या प्रेमाची किंमत वसूल करतात का? आपण नाव बघून डोळे मिटून विकत घेतो, हे ओळखून त्या वाटेल ते माथी मारतात का? परभणीच्या उरुसातल्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न पडूच शकत नाही. तो का पडू शकत नाही, याच्यातच वादाचं निम्मं उत्तर आहे.

वाद पेटला तो पत्त्यांवरून. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. आपल्या ५२ पानांच्या जोडात प्रत्येकाला काय मिळणार हे ठरलेलं असतं. ‘मॅजिक’मध्ये तसं नाही. पाकीट बंद असतं, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि चांगलं पान दुर्मीळ असतं. खेळाडू पाकिटांमागून पाकिटं फोडत स्वतःचा संच बांधतो. १९९९ मध्ये हॅसब्रोने ही कंपनीच विकत घेतली.

२०२२ च्या नोव्हेंबरात खेळाच्या तिशीनिमित्त एक खास संच निघाला. चार पाकिटं, प्रत्येकात १५ पानं, म्हणजे एकूण ६०. किंमत ९९९ डॉलर, तेव्हाच्या भावाने ८० हजार रुपयांवर. एका पानाला तेराशे रुपयांहून जास्त पडत होते. त्यातही ही पानं म्हणजे पहिल्या आवृत्तीची नवी छपाई. मागची बाजू मुद्दाम वेगळी ठेवलेली, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत ती चालणार नव्हती. म्हणजे ८० हजार मोजायचे, आणि स्पर्धेला बसायचं झालं तर ती पानं घरी ठेवायची. वर पाकिटं बंदच, हवं ते पान निघेल याची हमी नाही. विक्री सुरू झाली आणि तासाभरातच थांबली. माल संपला म्हणून थांबली की थांबवली म्हणून, यावर आणखी एक भांडण जुंपलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. एक गट म्हणाला, कंपनीने कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. ज्याला परवडतं तो घेईल, बाकीच्यांनी नेहमीचं पाकीट घ्यावं. दुसरा म्हणाला, हा खेळ तीस वर्षं टिकला तो आमच्यामुळे. आम्ही दुकानांत रात्री जागवल्या, नव्या पोरांना शिकवलं, आणि आता वाढदिवसाचं निमंत्रण फक्त श्रीमंतांना? मजेची गोष्ट अशी की याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकांनी हॅसब्रोच्या शेअरचं मानांकन उतरवलं. कारण दिलं ते रागावलेल्या चाहत्यांच्या तक्रारीशी जुळणारं: कंपनी ‘मॅजिक’ची पानं भरमसाट छापते आहे आणि आजच्या नफ्यासाठी उद्याची किंमत घालवते आहे. भावनेचा मुद्दा एवढा तंतोतंत हिशेबाच्या भाषेत आलेला क्वचितच दिसतो.

इथे एक प्रश्न कुणीही विचारील. एवढाच राग आहे, तर हे लोक दुसरा खेळ का घेत नाहीत?

परभणीच्या वाचकाला याचं उत्तर बियाण्याच्या बाजूने चटकन कळेल. मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रापुढे कापसाच्या ठरावीक कंपनीच्या, ठरावीक वाणाच्या पाकिटासाठी झुंबड उडते. ते वाण टंचाईत गेलं की जादा भावाच्या तक्रारी सुरू होतात. ही निष्ठा डोळस असो वा नसो, ती मोडायची झाली तर शेतकरी एकट्याने मोडू शकतो. शेजारच्याने कुठलं वाण लावलं, यावर याचं पीक अवलंबून नसतं. शिवाय बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देतं. २०२५ च्या खरिपात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती. खेळाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. भावाला मर्यादा नाही, आणि एकट्याने कंपनी बदलून भागत नाही. समोर बसणाऱ्याने तीच पानं, तीच पुस्तकं, तेच नियम घेतले असतील तरच डाव मांडता येतो. दहा जणांच्या टोळीतला एक जण रुसून उठला तर कंपनीचं काही बिघडत नाही. त्याचीच संध्याकाळ रिकामी जाते.

म्हणून ‘निष्ठा’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. अडकवून ठेवणारी गोष्ट कंपनीवरचं प्रेम नसून सवंगड्यांची सोबत असते, आणि कंपनी भाव लावते तो तिचाच.

हे सगळ्यांत उघडपणे दिसलं ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकरणात. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा खेळ म्हणजे पट कमी आणि गोष्ट जास्त. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रं होतात आणि फाशांच्या दानावर कथानक पुढे सरकतं. खरं पाहता याला नियमांचं एक पुस्तक, कागद-पेन्सिल आणि फासे यांपलीकडे काही लागत नाही. एकदा घेतलेलं पुस्तक दहा वर्षं पुरतं. धंद्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. डिसेंबर २०२२ मध्ये, या खेळाचीही मालक असलेल्या विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांपुढे बोलताना तसं मान्यही केलं: या खेळातून जेवढी कमाई निघायला हवी तेवढी निघत नाही. गुंतवणूकदारांना ते रुचलं असेल. खेळणाऱ्यांनी ते वाक्य लक्षात ठेवलं.

महिन्याभरातच ठिणगी पडली. २००० सालापासून कंपनीने एक खुला परवाना दिला होता. त्याच्या आधारे कुणीही या नियमांवर बेतलेली पुस्तकं, साहसकथा, नकाशे काढून विकू शकत होतं. शेकडो छोट्या प्रकाशकांची चूल त्यावर पेटत होती. ५ जानेवारी २०२३ रोजी नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द होणार होता. वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर उलाढाल असेल त्याने कंपनीला हिशेब द्यायचा, आणि साडेसात लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा द्यायचा. वाटा नफ्यावर नव्हे, उलाढालीवर! छापखान्याचं बिल भरून हातात दहा-पंधरा टक्के उरणाऱ्या धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

चाहत्यांनी यावेळी नुसती आरडाओरड केली नाही. कंपनीच्या ‘डीअँडडी बियाँड’ या सेवेची महिन्याची वर्गणी त्यांनी धडाधड बंद केली. प्रतिस्पर्धी ‘पायझो’ कंपनीने १२ जानेवारीला स्वतःच्या वेगळ्या खुल्या परवान्याची घोषणा केली. तिच्या ‘पाथफाइंडर’ या खेळाचा आठ महिने पुरेल असा साठा दोन आठवड्यांत संपला. विझर्ड्सने सुधारित मसुद्यावर मतं मागवली, तेव्हा १५ हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांनी या परवान्याखाली काहीही छापायचं नाही असं कळवलं. २७ जानेवारीला कंपनीने सपशेल माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला, आणि मूळ नियमांचा गाभा सार्वजनिक परवान्याखाली कायमचा खुला झाला. मसुदा फुटल्यापासून माघारीपर्यंत २२ दिवस लागले.

मग ‘मॅजिक’वाल्यांना जे जमलं नाही ते यांना कसं जमलं? रागाची धार दोन्हीकडे सारखीच होती. फरक बाहेर पडण्याच्या वाटेचा होता. गोष्टीच्या खेळात अख्खी टोळी एका रात्रीत उठून दुसऱ्या नियमांवर जाऊ शकते. पात्रं तीच ठेवता येतात, फासेही तेच चालतात. पत्त्यांच्या खेळात मात्र घरातल्या डब्यांत काही हजार पानं असतात, आणि खेळ सोडणं म्हणजे त्यांची रद्दी करणं. ‘गेम्स वर्कशॉप’ या ब्रिटिश कंपनीचा ‘वॉरहॅमर’ याहून पुढचा. त्यातले प्लास्टिकचे सैनिक सुटे भाग म्हणून येतात, ते खेळाडू स्वतः जोडतो, महिनोन्‌महिने बारीक कुंचल्याने रंगवतो. ‘वॉरहॅमर ४०,०००’ची नवी आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ अशी दर तीन वर्षांनी आली आणि दर वेळी जुनी नियमपुस्तकं मोडीत निघाली. भावाबद्दल कुरकुर कायमची आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअरबाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. स्वतःच्या हाताने रंगवलेली फौज कोण टाकून देईल?

आपल्याकडे असा वाद झालाच नाही, असं नाही. फक्त तो पुठ्ठ्यावर झाला नाही, फेसबुकवर झाला आणि न्यायालयात जाऊन संपला. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाने शब्द जुळवण्याचा खेळ इंटरनेटवर आणला. २००७-०८ मध्ये जगभर त्याचं वेड लागलं. खेळ उघडउघड ‘स्क्रॅबल’चा होता. हे नाव अमेरिका-कॅनडात हॅसब्रोच्या मालकीचं, उरलेल्या जगात ‘मॅटेल’च्या. दोघींनी दावे ठोकले. चाहते अगरवालांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की या पोरांनी विस्मरणात चाललेला खेळ तरुणांच्या हातात दिला, आणि तुम्हाला इतकी वर्षं एक चांगलं संकेतस्थळही काढता आलं नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २००८ रोजी जो निकाल दिला तो या सगळ्या चर्चेतला बहुधा सर्वांत उपयोगी कागद आहे. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी पटावर आणि नियमांवर मॅटेलचा कॉपीराइट मानायला नकार दिला. चौकोनांची मांडणी आणि खेळायची रीत ही कल्पना आहे, आणि कल्पनेवर कुंपण घालता येत नाही. पण ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव ‘स्क्रॅबल’च्या फार जवळचं आहे, ते वापरता येणार नाही. भावांनी खेळ ठेवला, नाव ‘लेक्स्युलस’ केलं.

म्हणजे कायद्याच्या नजरेतही कंपनीच्या मुठीत शेवटी राहतं ते नावच. ‘व्यापार’चे डबे बिनधास्त विकले जातात त्याचं इंगितही हेच: मुंबई-दिल्ली आपल्या, नाव आपलं, खेळायची रीत कुणाचीच नाही. आणि ‘मोनोपॉली’ची रीत तरी कुठे कंपनीची होती? एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने ५ जानेवारी १९०४ रोजी ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं ते जमीनदारी माणसाला कशी नागवते हे दाखवण्यासाठी. १९३५ मध्ये ‘पार्कर ब्रदर्स’ने चार्ल्स डॅरो याच्याकडून त्याच खेळाचं नवं रूप घेतलं, आणि मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरला. डॅरो कोट्यधीश झाला. नाव राखण्यासाठी कंपनी पुढे काय काय करत राहिली त्याचा नमुना २०२१ चा: हॅसब्रोने ‘मोनोपॉली’ हा शब्द युरोपात पुन्हा नव्याने नोंदवला होता, आणि त्यात कुहेतू होता असं तिथल्या न्यायालयाने कायम केलं. नाव खरोखर वापरात असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी टाळायची, हा तो हेतू.

मालक नसलेल्या खेळाला मालक कसा मिळतो, याचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिवपार्वती फाशांचा डाव मांडून बसले आहेत. इतका जुना हा शौक. कापडी पट, कवड्या आणि सोंगट्या घेऊन खेळला जाणारा पचिशीचा डाव कुणी शोधला आणि कुणी विकला, असा प्रश्नच कधी उठला नाही. पट घरच्या बाया शिवायच्या, कवड्या बाजारात मिळायच्या. हाच खेळ समुद्र ओलांडून गेला आणि १८७४ मध्ये अमेरिकेत ‘पर्चिसी’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. ते पुढे ‘सेल्चो अँड रायटर’ कंपनीचं मोठं भांडवल ठरलं. याच कंपनीने नंतर अमेरिकेत ‘स्क्रॅबल’ विकलं, आणि आज दोन्ही नावं हॅसब्रोच्या तिजोरीत आहेत. इंग्लंडमध्ये १८९६ साली पचिशीचंच सोपं रूप ‘ल्युडो’ म्हणून पेटंट झालं आणि ते पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आलं.

कॅरमचं मात्र तसं झालं नाही, आणि म्हणून तो या वादातला सर्वांत बोलका साक्षीदार आहे. कॅरमच्या बाजारात ब्रँड नाहीत असं मुळीच नाही. ‘सिस्का’, ‘सिंको’, ‘सुरको’ ही नावं स्पर्धेच्या खेळाडूंना तोंडपाठ असतात, ‘बुलडॉग’ म्हटलं की जाड चौकटीचा बोर्ड डोळ्यांपुढे येतो. खेळाडू हटवादीही असतात. एकाला अमुकच पावडर लागते, दुसरा स्वतःचा स्ट्रायकर रुमालात गुंडाळून आणतो आणि कुणाला हात लावू देत नाही. पण या निष्ठेला कुलूप नाही. खेळायची फळी ७४ सेंटिमीटर चौरस, स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि ४.१३ सेंटिमीटर व्यासाचा, सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची, ही मापं १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत छापलेली आहेत. ती पाळून कुणीही बोर्ड बनवावा. एका कंपनीने भाव चढवला तर दुसरीचा घ्या, तोही नको तर चांगल्या सुताराकडून करून घ्या; राणी कव्हर करताना समोरच्याला त्याचं सोयरसुतक नसतं. तीन वर्षांनी ‘नवी आवृत्ती’ काढून जुना बोर्ड बाद करण्याची सोय इथे कुणाला नाही.

मोबाइलने या चित्रात एक गुंता घातला. नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीने २०१६ मध्ये ‘ल्युडो किंग’ आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. परभणीतली आजी, पुण्यातला नातू आणि आखातातला मुलगा एका पटावर बसू लागले. खेळ सगळ्यांचा, नियम सगळ्यांचे, पण बैठक कंपनीच्या घरात. पैसे मागितले जात नाहीत; जाहिराती बघाव्या लागतात आणि रंगीत फासे विकत घेता येतात. इथे नातेवाईक ज्या ॲपवर आहेत तेच घ्यावं लागतं, म्हणजे सोबतीचं कुलूप आलंच. फरक इतकाच की ‘ल्युडो’ हे नाव कुणाच्या बापाचं नाही, त्यामुळे कुणी फार ताणलं तर शेजारी दहा ल्युडो उभे आहेत, आणि अगदीच झालं तर कपाटावरचा पुठ्ठा आहे.

तेव्हा चाहत्यांच्या मूळ प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणणं चूक ठरेल. महाग विकणं हा गैरफायदा नव्हे. ८० हजारांचा संच न घेतल्याने कुणाचा खेळ थांबला नाही, ती नुसती हाव होती. गैरफायदा सुरू होतो तो लोक उठून जाऊ शकत नाहीत हे पाहून नियम बदलण्यात. जानेवारी २०२३ चा तो परवाना त्या व्याख्येत चपखल बसतो; जुनी पुस्तकं दर तीन वर्षांनी बाद करण्याची रीतही त्याच्या अगदी जवळ जाते. आणि चाहत्यांच्या बाजूनेही एक कडू गोष्ट नोंदवायला हवी. भरमसाट छपाईबद्दल, बाहेरच्या सिनेमा-व्हिडिओगेमांची पात्रं खेळात घुसडण्याबद्दल ‘मॅजिक’चे शौकीन वर्षानुवर्षं कुरकुरत आले आहेत. जून २०२५ मध्ये ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओगेमवर बेतलेला पत्त्यांचा संच बाजारात आला. हॅसब्रोच्या म्हणण्यानुसार त्याने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली.